आधी पाटी, मग पासपोर्ट
(परदेशी जाणाऱ्यांच्या तयारीचा एक छोटा इतिहास)

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी आधी सोसायटीचाच इतिहास लिहायला बसलो होतो. प्लॉट कसा घेतला, बोअरला पाणी कितव्या फुटावर लागलं, पहिली सर्वसाधारण सभा कोणाच्या ओट्यावर भरली, असं सगळं. पण ते या अंकात इतरांनी लिहिलं आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मग काय लिहावं, या विचारात असताना गेल्या कोजागिरीची रात्र आठवली. गच्चीवर दूध आटत होतं आणि गप्पा चालल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी अशा गप्पांत नाशिक, पुणे, सूरत ही नावं यायची. यंदा श्टुटगार्ट, टोरांटो, दुबई आणि ओसाका आली. एक आजी दुसऱ्या आजींना विचारत होत्या, "तुमच्या नातवाचं बी-वन झालं का हो?" बी-वन म्हणजे फ्लॅट नंबर नव्हे बरं का, जर्मन भाषेची परीक्षा!

आपल्या प्रत्येक विंगमधून कोणी ना कोणी बाहेरदेशी गेलं आहे किंवा जायच्या तयारीत आहे. त्यांच्या निघण्याचा खर्च आपल्याला ठाऊक असतो, तिकीट ठाऊक असतं, पगाराचा आकडा तर सगळ्यांना ठाऊक असतो. निघण्याआधी त्यांनी काय शिकावं, हा विषय मात्र गप्पांत कमी येतो. मी आयुष्यभर खानदेशातल्या शाळांत इंग्रजी शिकवलं, म्हणून हा विषय मला जवळचा. आपल्याआधी जे गेले त्यांनी कशी तयारी केली, कोणाची तयारी कुठे कमी पडली, हे पाहावं म्हणून हा लेख.

अंगठ्याचा करार

महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने कामासाठी समुद्रापलीकडे गेलेली पहिली माणसं म्हणजे मॉरिशसचे मजूर. १८३४ पासून पुढे सात-आठ दशकांत हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून सुमारे साडेचार लाख माणसं उसाच्या मळ्यांवर काम करायला त्या बेटावर उतरली. बिहारकडचे आणि दक्षिणेकडचे लोक त्यात जास्त होते. मराठी माणसं मुंबई बंदरातून गेली, ती बहुतेक कोकणातली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे लोक उतरत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

या माणसांनी काही वर्षांच्या कामाचा करार केलेला असे. ॲग्रीमेंट या शब्दाचं त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झालं आणि ते स्वतः 'गिरमिटिये' झाले. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, हा योगायोग मला नेहमी बोचतो. करार असे परक्या भाषेत, खाली अंगठा असे आपल्या माणसाचा. कामाचे तास किती, गैरहजर राहिलं तर पगार किती कापणार, परत यायचं भाडं कोण देणार, हे कागदावर होतं. वाचणारा कोणी नव्हता. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी टिकवली, गणेशोत्सव टिकवला, आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. हे सगळं कौतुकाचं आहे. पण पहिल्या पिढीने सोसलं ते बरंचसं त्या न वाचलेल्या कागदामुळे सोसलं, हेही खरं.

साहेब मात्र शिकून यायचा

याच काळात उलट्या दिशेने आपल्याकडे नोकरीला येणारे लोक होते. ते काय करत होते, तेही पाहू. कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी हिंदुस्थानात येण्याआधी इंग्लंडमध्ये हेलिबरीच्या कॉलेजात पूर्वेकडच्या भाषा शिकत. हे कॉलेज १८०६ मध्ये सुरू झालं होतं. इथे आल्यावर मुनशी ठेवून देशी भाषेच्या परीक्षा द्याव्या लागत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे आला. धुळ्याची सरळ रस्त्यांची नवी पेठ त्यांनी वसवली, हे धुळेकरांना माहीत आहे. याच ब्रिग्ज साहेबांनी फरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला आणि १८२९ मध्ये तो छापला. जेम्स मोल्सवर्थ हाही मुळात लष्करी अधिकारी. त्याने कँडी बंधूंच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. आजही एखादा जुना शब्द अडला की मी त्याच कोशाकडे जातो.

राज्य करायला आलेला माणूस भाषा शिकून येत होता आणि राबायला गेलेला आपला माणूस अंगठा देऊन जात होता. ताकद कोणाकडे होती, याचं एक कारण इथे दिसतं. भाषा हे एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. पण परक्या मुलखात काम करायचं तर आधी तिथली भाषा, हे ज्यांना कळलं होतं ते फायद्यात राहिले.

दोन बायका, दोन तऱ्हा

आता तयारी करून गेलेल्यांची गोष्ट. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत, पण आपण त्यांची डिग्री लक्षात ठेवतो आणि डिग्रीआधीची वर्षं विसरतो. १८६५ मध्ये कल्याणला जन्म, नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव टपाल खात्यात. त्यांनी हट्टाने तिला शिकवलं. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, ते तिकडच्या मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवलं. मग निघेपर्यंत जवळजवळ तीन वर्षं या दोघींचा इंग्रजीतून पत्रव्यवहार चालला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

शिक्षक म्हणून मला यात फार मोठी गोष्ट दिसते. व्याकरणाचं पुस्तक त्यांच्याकडे होतंच. पण खऱ्या माणसाला खरी गोष्ट सांगण्यासाठी, त्याचं उत्तर समजून घेण्यासाठी त्या इंग्रजी वापरत होत्या. चालीरीती, सण, स्वयंपाक, आजारपण, धर्म, सगळं त्या पत्रांत यायचं. आणि २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरला भरलेल्या सभेत, अठरावं वर्षसुद्धा पुरं झालेलं नसताना, आपण अमेरिकेला का जातो हे त्यांनी इंग्रजीत भाषण करून सांगितलं. प्रश्न लोकांचे होते, अवघड होते आणि उत्तरं त्यांची स्वतःची होती. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या.

एक बाजू मात्र कमी पडली. भाषेची तयारी झाली, शरीराची झाली नाही. तिकडची थंडी, बदललेलं जेवण आणि आधीच नाजूक असलेली प्रकृती यांचा मेळ बसला नाही. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आज मुलगा निघताना आपण लोणचं, मेतकूट, कळण्याचं पीठ बांधून देतो, तेव्हा "तिकडे उणे दहा तापमानात काय घालशील, एकट्याने काय शिजवशील" हेही शिकवायला हवं, ते यासाठी.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांची संस्कृतवर हुकूमत, पण इंग्रजीचे धडे त्यांनी पुण्यात मोठेपणी सुरू केले. प्रवासखर्चासाठी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंड गाठलं. वाँटेज इथे राहून त्यांनी इंग्रजी पक्कं केलं. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. त्या रडत बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं आणि स्वतः पुढचं शिकल्या. १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला त्या मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या. पुढच्याच वर्षी हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झालं. ठरवलेलं काम जमलं नाही तर हातात दुसरं काय आहे, हे आधीच पाहून ठेवावं, हा रमाबाईंचा धडा.

बाबासाहेबांचा जर्मन अर्ज

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो माणसं जमतात. आपल्यापैकी अनेकजण तिथे गेले असतील. पण बाबासाहेबांना जर्मन येत होतं, हे किती जणांना माहीत आहे?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकताना त्यांनी जर्मन आणि फ्रेंचचेही वर्ग केले. पुढे लंडनला असताना त्यांना जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात शिकायचं होतं, तेव्हा १९२१ मध्ये त्यांनी तिथला अर्ज जर्मन भाषेतून लिहिला. आधी शिकून ठेवलेली भाषा सहा-सात वर्षांनी उपयोगी पडली. गरज लागल्यावर शिकू, असं त्यांनी म्हटलं असतं तर तो अर्ज दुसऱ्या कोणाला लिहायला सांगावा लागला असता.

आपला पहिला परदेश: सूरत

आता घरचं बोलू. खानदेशी माणसाचा पहिला परदेश म्हणजे सूरत. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने जळगाव-अमळनेर-नंदुरबार-सूरत अशी वाट जोडली आणि ती वाट आजतागायत वाहते आहे. उधना, लिंबायतकडे गेलं की दुकानाच्या पायरीवर अहिराणी ऐकू येते. तिकडे गेलेल्यांनी गुजरातीचा क्लास कधी लावला नाही. कारखान्यात आणि बाजारात कानावर पडून ती आली.

म्हणून आपल्याकडे एक समज घट्ट बसला: "गेल्यावर येते भाषा." सूरतेपुरता तो खरा होता. गुजराती आणि अहिराणी शेजारच्या बहिणी, आणि सोबतीला गाववाला असायचाच. श्टुटगार्टला तसं नाही. तिथे आधी परीक्षा पास व्हावी लागते, मग व्हिसा मिळतो.

पण या इतिहासात आपल्या बाजूचंही काही आहे. खानदेशातलं पोर घरी अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी किंवा भिली बोलतं. शाळेत गेल्यावर पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. बाजारात आणि टीव्हीवर हिंदी, मग इंग्रजी. "माले येत नही" असं म्हणणारं पोर दोन वर्षांत "मला येत नाही" लिहायला लागतं, हे मी वर्गात शेकडो वेळा पाहिलं. आम्हा मास्तरांना त्या पोराचं मराठी अशुद्ध वाटायचं. खरं तर दहा वर्षांच्या आत त्याने तीन भाषांचा फरक कानाने ओळखला होता. ही कमाई आहे, आणि तिची आपण लाज धरली. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये शिकवून आले, पण आपल्या बोलीला त्यांनी कधी कमी लेखलं नाही.

पाचवीतून पहिलीत

आमच्या आधीच्या पिढीत काहींनी आठवीत एबीसीडी गिरवली. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होतं. जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली तेच हे वर्ष. म्हणजे पायाभरणीच्या दिवशी वाळूच्या ढिगावर खेळणारी पोरं ही पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पहिली पिढी. आज ती तिशीत आहेत.

दुसरीकडे उच्चशिक्षणही दाराशी आलं. बांभोरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० चं. त्याच १९९० मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि एच-वन-बी व्हिसा अस्तित्वात आला. नव्वदीच्या शेवटी संगणकांच्या वर्ष-२००० च्या घोळामुळे प्रोग्रॅमरना मागणी आली आणि आपल्याकडची पहिली काही मुलं निघाली. त्या काळी टोफेल, जीआरईसाठी रात्रीच्या एसटीने मुंबई-पुणे गाठायचं, नातेवाइकाकडे उतरायचं आणि शब्दांच्या याद्या पाठ करत परीक्षा द्यायची.

याद्या पाठ करून गुण मिळत, हे खरं. पण इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे.

'आयसोलेट' म्हणजे काय

माझा एक विद्यार्थी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन म्हणून आखातात गेला. सहा महिन्यांनी त्याचा फोन आला. "सर, पॅनलवर काम करत होतो. सुपरवायझर लांबून ओरडला, आयसोलेट इट, आयसोलेट इट. मला वाटलं बाजूला कर म्हणतोय. मी वायर बाजूला करायला हात घातला. शेजारच्या केरळच्या मित्राने कॉलर धरून मागे ओढलं म्हणून वाचलो."

इलेक्ट्रिकच्या कामात आयसोलेट करणे म्हणजे त्या भागाचा वीजपुरवठा पूर्ण तोडणे. मी त्याला नववीत 'आयसोलेटेड व्हिलेज म्हणजे एकाकी खेडे' असं शिकवलं होतं. पेपरात त्याचा तो अर्थ बरोबर आला होता, मीच बरोबरची खूण केली होती. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह त्याला झोपेतही येत होतं. ज्या शब्दावर त्याचा जीव टांगला होता तो त्याच्या कामातला शब्द होता, आणि तो ना त्याच्या आयटीआयच्या पुस्तकात मराठीतून आला, ना माझ्या तासाला इंग्रजीतून.

त्या दिवसापासून माझं मत बदललं. परदेशी जाणाऱ्याला दोन भाषा शिकाव्या लागतात. एक तिथली भाषा आणि दुसरी त्याच्या कामाची भाषा. नर्सला औषधाच्या मात्रेची, ड्रायव्हरला रस्त्याच्या पाट्यांची, स्वयंपाक्याला अॅलर्जीची, गवंड्याला उंचीवरच्या सुरक्षेची.

जर्मनीची दारं

आता चालू काळात येऊ. जर्मनीत म्हातारी माणसं वाढली, काम करणारे हात कमी पडू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराबाबत करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांचं उद्दिष्ट ठेवलं. नर्स, प्रयोगशाळा सहायक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, ट्रक आणि बस ड्रायव्हर, स्वयंपाकी, वेटर असे व्यवसाय यादीत होते. जर्मनचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने द्यायचं ठरलं आणि नावनोंदणी जिल्ह्याजिल्ह्यातल्या डाएटकडे आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० असलेले व्हिसा ९०,००० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. जपाननेही २०२१ मध्ये अशाच कुशल कामगारांसाठी भारताशी करार केला. तिथे जपानी भाषेची एन-४ पातळी किंवा तिच्या बरोबरीची परीक्षा लागते.

बातम्या वाचून आपल्याकडे घरोघरी आशा लागली. पण आशेला आकड्यांची जोड द्यावी. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने ए-२ पर्यंत ४५ मिनिटांचे २०० ते ३५० तास लागतात आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८००. रोज तीन घड्याळी तास, म्हणजे असे चार तास, महिन्याचे २५ दिवस वर्गात बसलं तर महिन्याला १०० होतात. ए-२ ला दोन ते साडेतीन महिने, बी-२ ला सहा ते आठ महिने. हे एकही दिवस न चुकवता, आणि घरचा अभ्यास वेगळा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने दीड वर्ष धरावं. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ लागतं. "चार महिन्यांत जर्मनी" असं कोणी म्हणालं तर त्याला एवढंच विचारा: कोणती पातळी, आणि कोणत्या कामासाठी?

माझी भाची नर्स आहे. रात्रपाळ्या करत, मग पुण्यात राहून, तिला बी-२ पर्यंत सोळा महिने लागले. या परीक्षेचे वाचणे, ऐकणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरापैकी ६० लागतात. तीन भाग सुटले, बोलण्यात राहिली. घरी आई रडली, शेजारी म्हणाले सोडून दे. ती म्हणाली, "मामा, एकच भाग राहिलाय, तेवढाच परत द्यायचाय." मग दोन महिने ती आरशासमोर उभं राहून रोज जर्मनमध्ये बोलली. आज काय शिजवलं, कोणत्या पेशंटला काय झालं, भाजीवाल्याने किती सांगितले. पास झाली.

तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं तिला अर्धंसुद्धा कळेना. ते श्वेबिश बोलत होते, तिथली बोली. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने १९९९ पासून कितीतरी वर्षं स्वतःचीच गंमत करणारी जाहिरात चालवली होती: आम्हाला सगळं जमतं, फक्त शुद्ध जर्मन सोडून! भाचीने आईला फोन केला, "माय, आठे बी आपलासारखंच शे. पुस्तकमा येगळं, तोंडमा येगळं." दोन महिन्यांत तिला ती बोली कळू लागली. अहिराणी घरातल्या पोरीला बोलीची भीती कशाला वाटेल!

आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती इथे लिहितो. तिची पदवी तिथे तपासली गेली, काही विषयांचं जुळवून घेण्याचं प्रशिक्षण करावं लागलं आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत सहायक म्हणूनच काम व पगार मिळाला. हे तिला आधी माहीत होतं, म्हणून तिने हप्ते त्या हिशोबाने बांधले होते.

याच्या उलट एक उदाहरण. ओळखीच्या घरातल्या मुलाला एका एजंटाने सांगितलं, भाषा तिकडे गेल्यावर येते. वडिलांनी केळीच्या बागेवर कर्ज काढलं. कराराचा कागद इंग्रजीत होता, घरात कोणी तो पुरता वाचला नाही. तिथे काम वेगळं निघालं, पगार वेगळा निघाला, आणि तक्रार कुठे व कोणत्या भाषेत करायची तेही माहीत नव्हतं. पोरगा पाच महिन्यांत परत आला. आज तो कामाला लागला आहे, पण वडील अजून हप्ते भरतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा अंगठा आणि ही सही, दोन्हींत मला फारसा फरक दिसला नाही.

निघण्याआधी

हा सगळा इतिहास वाचून हाती काय येतं, ते थोडक्यात सांगतो.

कागद स्वतः वाचावा. करारातले कामाचं नाव, पगार, तास, राहण्याची सोय, परतीचं भाडं हे पाच मुद्दे घरातल्या प्रत्येकाला मराठीत सांगता आले पाहिजेत. परदेशी नोकरीच्या भरतीसाठी १९८३ चा कायदा आहे; एजंट सरकारकडे नोंदणी झालेलाच हवा आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. दहावी न झालेल्यांना आखातासह काही देशांत जाताना सरकारी परवानगी लागते आणि त्यांच्यासाठी विम्याची योजनाही आहे. ही कटकट वाटते, पण ते त्यांच्याच रक्षणासाठी आहे.

नावाची जुळणी आधी करावी. आपल्या गुणपत्रिकेवर सगळं नाव एका ओळीत, पासपोर्टावर आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत. कुठे 'भाऊ' लागलेलं, कुठे 'बाई' गळलेली. हे निस्तरायला महिने जातात.

बोलण्याचा सराव बोलूनच होतो. आयईएलटीएसमध्ये बोलण्याची परीक्षा अवघी ११ ते १४ मिनिटांची असते. पण त्या मिनिटांत पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. आनंदीबाईंना कार्पेंटर मावशी होत्या. आपल्या मुलांनाही कोणीतरी हवं, ज्याच्याशी चुकतमाकत बोलता येईल आणि जो हसणार नाही.

शेवटचं आई-वडिलांसाठी. मुलगा किंवा मुलगी एखाद्या पातळीत नापास झाली तर चारचौघांत तो विषय काढू नका. भाषा शिकताना मोठा माणूस पुन्हा लहान होतो, चुकतो, लाजतो. त्याला घरात तरी चुकायला जागा असावी. आणि सगळेच जातील असंही नाही. जे थांबतील त्यांची शिकलेली भाषा वाया जात नाही.

सोसायटीला एक विनंती करून थांबतो. आपला हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. आपल्यात निवृत्त बँकवाले आहेत, रेल्वेचे आहेत, दोन वकील आहेत, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत. कानबाईच्या रोटांना आणि दिवाळीला परदेशातली मुलं घरी येतात. या सगळ्यांनी मिळून तासभर बसायचं ठरवलं तर निघणाऱ्या पोरांना कामाचे शब्द मिळतील, कागद तपासून मिळेल, बोलायला माणूस मिळेल. फी काही नाही. परदेशी जन्मलेली नातवंडं सुट्टीत आली तर त्यांना आपली मराठी आणि अहिराणी शिकवायलाही तोच हॉल आणि तोच तास चालेल.

पुढच्या रविवारी सकाळी ९ वाजता मी हॉलमध्ये असेन. फळा आणि खडू मी आणतो. यायचं तेवढं तुमच्याकडे.